चिंचेनं उजळलेलं कोरियन पदक

आमच्या दुकानाच्या पाटीवर अरबीत आणि इंग्रजीत नुसतं ‘टेलरिंग’ लिहिलेलं होतं. पण आत चालायचं ते साधं शिवणकाम नव्हे. आम्ही गणवेश शिवायचो. सिक्युरिटीवाल्यांचे, हॉटेलांच्या दरवानांचे, शाळेच्या बँडचे आणि अधूनमधून खऱ्याखुऱ्या फौजी माणसांचेसुद्धा. गणवेशांच्या मागोमाग पदकांचं काम आलं. जुन्या पदकाची फीत बदलायची, तीन-चार पदकं असली तर ती एका पट्टीवर ओळीनं बसवायची, मागून टाके घालायचे, पिन लावायची. हे काम माझ्याकडे. नवऱ्याचा हात कात्रीला सरस, पण बारीक टाका म्हटला की त्याचं डोकं फिरतं. माझं उलटं आहे. बारीक काम मी तासन्‌तास शांतपणे करते. माझं डोकं फिरतं ते माणसांनी.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची ही गोष्ट आहे. आम्ही गुहागरकडचे, मस्कतला येऊन बरीच वर्षं झालेली, दुकान बौशरला मॉलच्या मागच्या गल्लीत. ‘टेलर’ म्हटलं की लोक एक विशिष्ट चेहरा करतात. “अच्छा, टेलर!” म्हणतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. मराठी मंडळाच्या गणपतीत तर फारच. तो चेहरा मला आजही सहन होत नाही, आणि ज्या माणसानं तो चेहरा माझ्या दुकानात, माझ्या टेबलाशी उभं राहून केला, त्याची कथा मी सांगणारच. कुणाला बरं वाटो न वाटो.

त्याआधी सिस्टरबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे. माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन झालं त्या वॉर्डात ती नर्स होती. फिलिपिन्सची, पन्नाशी ओलांडलेली, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी. पण कॉरिडॉरमध्ये तिच्या बुटांचा आवाज आला की आख्खा वॉर्ड सरळ व्हायचा. औषध घेतलं नाही म्हणून तिनं मला असं झापलं की माझी सासू आठवली. आणि शुद्धीवर येताना मला उलट्यांवर उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा हिनंच माझं कपाळ तळव्यात धरून ठेवलं. नवऱ्याला आत सोडत नव्हते. परमुलखात आजारी पडल्यावर कपाळाला हात लावणारं माणूस म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तेव्हापासून मी तिला सिस्टर म्हणायची आणि तीही मला सिस्टरच. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात यायची, कधी गणवेश आत घ्यायला, कधी नुसतीच. मी घावणे केलेले असले तर खायची, नारळाच्या रसात बुडवून, डोळे मिटून. आमची भाषा म्हणजे सगळा काला होता, इंग्रजी, हिंदी, मध्येच अरबीतलं ‘यल्ला’ आणि ‘खलास’. पण आमचं कधी अडलं नाही.

एका ऑक्टोबरात ती दुपारची आली आणि तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक पदक होतं. ताऱ्यासारखं, काळपट, मध्यभागी तांबड्या-निळ्या मीन्याचा गोल. फीत इतकी कुजलेली की हात लावला की सुटत होती.

“माझ्या वडिलांचं,” ती म्हणाली. “कोरियाचं आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. कोरियात युद्ध पेटलं तेव्हा तिच्या देशानं तिकडे फौज पाठवली होती. वडील कॅप्टन होते, एका कंपनीचे कमांडर. समोरून लोंढ्यासारखी माणसं चढून येत असताना त्यांच्या कंपनीनं एक डोंगर सोडला नाही. त्याबद्दल कोरियानं त्यांना हे पदक दिलं, युद्ध चालू असतानाच. वडील सांगायचे की धातूचा तुटवडा असल्यामुळे तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वितळवून ही पदकं पाडली होती. खरं-खोटं कोरियनांना ठाऊक.

“आणि मग?” मी विचारलं. कमांडरची मुलगी मस्कतला रोग्यांची शौचाची भांडी आणि पट्ट्या का बदलते, असं माझ्या मनात आलं होतं, ते मी बोलले नाही.

मग काय? युद्ध संपलं, कॅप्टनसाहेब घरी आले, फौज सुटली. गावात बर्फ विकायचे. म्हातारपणी बाजारात बसून कोरियाच्या गोष्टी सांगायला लागले की लोक हसायचे. गावची पोरं त्यांना ‘कोरिया, कोरिया’ म्हणून चिडवत पळायची. पदकाबरोबर आलेला कागद एका वादळात कपाटासकट वाहून गेला होता. शेवटी शेवटी तर नातेवाइकांनाही वाटायला लागलं की म्हातारा बाता मारतो आणि हे पदक कुठल्यातरी जुन्या बाजारातून उचललेलं आहे. दीडेक वर्षापूर्वी ते गेले. अंत्यविधीला गावचा एकसुद्धा मोठा माणूस आला नाही.

आता मस्कतमधल्या कोरियन कंपन्यांची माणसं एक कार्यक्रम करणार होती. युद्धाच्या काळात कोरियानं ज्या परदेशी कमांडरांना पदकं दिली, त्यांची जी कुटुंबं ओमानात आहेत त्यांचा सत्कार. एकेक नाव माइकवरून वाचायचं, घरच्यांनी उभं राहायचं, फुलं, टाळ्या. तिला तेवढंच हवं होतं. कुणीतरी भरल्या सभेत तिच्या वडिलांचं नाव मोठ्यानं वाचावं आणि कुणी हसू नये.

“करशील ना नीट?” ती म्हणाली. “फीत नवी लाव. बाकी आहे तसंच राहू दे.”

आमच्या कामात जुन्या पदकाचा काळेपणा कधी काढत नाहीत. तो काळेपणा म्हणजे त्याचं वय. हे मला पक्कं माहीत होतं. मी कुजकी फीत सोडवली, पदक वाटीत ठेवलं, फीत शेजारी ठेवली आणि नव्या फितीची ऑर्डर दिली. माझ्याकडून एवढं सगळं नीट झालेलं आहे, हे मी मुद्दाम सांगते. पुढं जे झालं ते आमच्या ह्यांनी केलं.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. आमची हत्यारं म्हणजे मशिनं, कात्र्या, इस्त्री, मापाची टेप. दुकानाच्या मागच्या खोलीत, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं, ह्यांनी पाट मांडला. झेंडू आमच्या भाजीवाल्यानं खाबुऱ्याकडच्या शेतातून आणून दिले होते. मी घरी पुरणात अडकलेली. दुकानात पोचले तर पाटावर ओळीनं कात्र्या, टेप, बॉबिन, हळदकुंकू, आणि सगळ्यांच्या मधोमध, फुलावर ठेवलेलं, सोन्यासारखं लखलखणारं ते पदक.

मी दारातच किंचाळले. “अहो, हे काय करून ठेवलंत!”

“अगो, काय झाला?” हे निवांत. “चिंचेन घासला. तबक नि घंटी घासायचीच होती. फौजी माणसाचा आयुध दुकानात असताना ता काळा ठेवून पुजायचा?”

“ते आयुध नाही! ते पदक आहे!”

“लढायेत मिळाला मां? मग?”

मी त्यांना जे बोलायचं ते बोलले, शेजारच्या लाँड्रीवाल्यानं डोकावून पाहिलं इतकं बोलले. मीना शाबूत होता, हे नशीब. पण साठ वर्षांचा काळेपणा चिंच-मिठाच्या पाण्यात वाहून गेला होता. मग मला फितीची आठवण झाली. वाटीशेजारी फीत नव्हती. तीही पाटावर, झेंडूच्या पाकळ्यांत. मी म्हटलं, ही तरी उचलून ठेवते, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं. दसऱ्याच्या संध्याकाळी ह्यांनी सगळं निर्माल्य गोळा केलं आणि अझैबाच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्रात सोडून आले. फितीसकट. विचारलं तर म्हणतात, “कुजकी असली तरी लढायेतली फीत. ती काय कचऱ्यात टाकायची?” आणि मला संताप याचाच की ह्यात त्यांचं काय चुकलं, हे मला सांगता येईना.

सिस्टर आली तेव्हा मी तिच्यासमोर पदक ठेवलं आणि ह्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा. ह्यांनी सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, हात जोडून. सिस्टरनं पदक उचलून उजेडात धरलं. ताऱ्याच्या एका खाचेत हळदीचा पिवळा कण अडकला होता. तिनं नखानं तो दाखवला.

“हे काय?”

“हळद. पूजा केली.”

“पूजा? पप्पांच्या पदकाची?” तिनं छातीवर क्रूस केला. मग हसली आणि हसता हसता डोळे पुसले. “पप्पांनी हे इतकं चकचकीत बघितलं असेल तर मिळालं त्या दिवशीच. राहू दे. हळदसुद्धा राहू दे.”

मी नवी फीत लावली, पट्टीवर चढवलं, टाके असे घातले की भिंग लावून बघितलं तरी दिसू नयेत. आई-वडिलांचं पदक मुलांनी उजव्या बाजूला लावायचं, असा फौजी लोकांत एक रिवाज आहे. डाव्या बाजूला ज्याचं त्यानं मिळवलेलं, उजव्या बाजूला गेलेल्याचं. त्याप्रमाणे मी पिन उजवीकडची बसवली.

आणि मग साहेब आले.

साहेब पुण्याचे. फौजेतून निवृत्त होऊन मस्कतला एका सिक्युरिटी कंपनीत मॅनेजर झालेले. त्यांच्या गार्डांचे गणवेश आमच्याकडे होते आणि ते काम गेलं तर आमची पंचाईत होती, हे तेही जाणून होते आणि आम्हीही. साहेबांना जुनी पदकं जमवायचा नाद. कोरियनांच्या त्या कार्यक्रमात पदकं तपासून नावांची यादी पक्की करायचं काम त्यांच्यावर सोपवलेलं. ते गार्डांच्या शर्टांचं माप बघायला आले होते. टेबलावर सिस्टरचं पदक दिसलं तसं त्यांनी उचललं, खिशातून भिंग काढलं आणि उलटंसुलटं करून बघितलं.

“वहिनी, हे कुणाचं?”

मी सांगितलं, वादळात गेलेल्या कागदासकट.

“हे नवं आहे.”

“नवं नाही साहेब, ह्यांनी घासलंय. चिंचेनं.”

“चिंचेनं?” तो चेहरा तेव्हा झाला. मी मघाशी म्हटला तो. “वहिनी, हल्ली अशी पदकं घरबसल्या मागवता येतात. साठ वर्षांचं पदक असं दिसत नाही. जुनी फीत असेल ना? ती दाखवा. फितीवरून लगेच कळतं.”

“फीत समुद्रात सोडली.”

“समुद्रात?”

“निर्माल्याबरोबर.”

साहेब हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. “आणि कागद वादळात गेला म्हणता. म्हणजे कागद पाण्यात, फीत पाण्यात आणि पदक चिंचेच्या पाण्यात. मी कमिटीला काय सांगू?”

“जे झालं ते सांगा.”

माणूस वाईट नव्हता, हे मला आज म्हणता येतं. एकदा कुठल्याशा समारंभात एक भामटा खोटी पदकं मिरवून गेला होता आणि साहेबांना खाली मान घालावी लागली होती, असं मागाहून कळलं. पण त्या घटकेला मला ते माहीत नव्हतं आणि असतं तरी काही फरक पडला नसता. ते म्हणाले, “कोरियाला विचारून पाठवतो. उत्तर आलं तर बघू. तोपर्यंत नाव यादीत घेता येणार नाही. बाईंना म्हणावं, जरूर या, पाहुण्या म्हणून बसा, जेवा. फक्त हे लावून येऊ नका. तुम्ही ती पिन काढून ठेवा.”

इथं माझं डोकं फिरलं. “साहेब, मी शिवलंय. मी उसवणार नाही.”

“वहिनी, तुम्ही टेलर आहात. यात पडू नका.”

“टेलर आहे म्हणूनच पडते. माझ्या टेबलावर तुम्ही एका मेलेल्या माणसाला खोटारडा म्हणालात. वर त्याच्या पोरीला जेवायला बोलावताय. तिला काय जेवायला मिळत नाही होय?”

नवरा मशिनवरून उठला. मला वाटलं आता मला गप्प करणार, कारण गार्डांचे शर्ट समोर गठ्ठ्यात पडलेले. पण ते साहेबांसमोर येऊन उभे राहिले आणि चक्क पुस्तकी मराठीत म्हणाले, “घासलं मी, साहेब. फीतही मीच सोडली. खोटं ठरवायचं तर मला ठरवा. त्या कॅप्टनांना नको.”

साहेबांनी भिंग खिशात टाकलं आणि गेले. गार्डांची ऑर्डर पुढच्या हंगामाला दुसरीकडे गेली. जाऊ दे. कोरियाहून ते उत्तर पुढं आलं की नाही, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. मला गरज नाही.

सिस्टरला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली होती, हातात चहाचा कप. रडली नाही, चिडली नाही. नुसतं म्हणाली, “म्हणजे इथंपण.”

त्या दोन शब्दांनी मला जे झालं ते साहेबांच्या सगळ्या बोलण्यानं झालं नव्हतं. गावच्या बाजारातून निघालेलं ते हसू समुद्र ओलांडून आमच्या दुकानात आलं होतं, आणि त्याला वाट करून दिली ती आमच्या चिंचेनं.

“मी त्या दिवशी ड्यूटी मागून घेते,” ती म्हणाली. “तू मनाला लावून घेऊ नको, सिस्टर. खलास.”

“काय खलास? काही खलास नाही!” मी तिच्यावरच ओरडले. “तू जायचंस. पदक लावून जायचंस. तुझा बाप त्या डोंगरावरून उतरला नाही, आणि तू हॉटेलच्या पायऱ्या चढणार नाहीस?”

“नाव तर वाचणार नाहीत.”

“न वाचू देत. त्यांच्या तोंडासमोर बसायचं. बघू दे त्यांना.”

ती माझ्याकडे बघत राहिली. वॉर्डात मी बघायची तसं, औषध घ्यावं की न घ्यावं असं. मग तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, “तू येशील?”

“मी येईन, आणि हेपण येतील. हे तर येणारच. ह्यांना मी घरी ठेवते की काय!”

शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. मी नारायणपेठी नेसले, ह्यांना सफारी घालायला लावला. सिस्टर साध्या निळ्या ड्रेसमध्ये. हॉटेलच्या दारात मी स्वतः तिच्या उजव्या बाजूला पदक लावलं आणि पिन दोनदा ओढून बघितली. मी म्हटलं, चल.

हॉल भरलेला होता. स्टेजवर कोरियन मंडळी, काळ्या सुटात, शिस्तीत. त्यांचे अध्यक्ष एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांच्या शेजारी, यादी हातात घेऊन, आमचे साहेब, स्वतःची पदकं डाव्या बाजूला लावून. त्यांनी आम्हाला बघितलं, मग सिस्टरच्या ड्रेसकडे बघितलं आणि तडक खाली आले.

“वहिनी, मी सांगितलं होतं.”

“पाहुणे म्हणून बोलावलंत ना साहेब? पाहुण्याच्या अंगावरचं काढायला सांगतात का?”

आजूबाजूची माणसं आता साहेबांकडे बघायला लागली होती. मान हलवून परत गेले. आम्ही मधल्या रांगेत बसलो.

भाषणं झाली. मग नावं सुरू झाली. अध्यक्ष एकेक नाव वाचत होते, देश, हुद्दा, कुठलं पदक. एक इंग्रज बाई उठली, नमस्कारासारखं वाकली. एक तुर्की इंजिनियर आजोबांचा फोटो छातीशी धरून उभा राहिला. फुलं, टाळ्या. प्रत्येक नावाला सिस्टर टाळ्या वाजवत होती, मनापासून, आणि मला ते बघवत नव्हतं. सगळे कमांडर. कुणाला डोंगराबद्दल, कुणाला पुलाबद्दल. मग यादी संपली. साहेबांनी कागदाची घडी केली. अध्यक्षांनी जेवणाला चलावं असं म्हटलं आणि खुर्च्या सरकायला लागल्या.

तेव्हा सिस्टर उभी राहिली.

नुसती उभी राहिली. हात ड्रेसला चिकटलेले, मान ताठ. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग पुढचे वळून बघायला लागले, मागचे उठता उठता थांबले. साहेबांनी स्टेजवरून हातानं खूण केली, बसा. ती बसली नाही.

“मॅडम?” साहेब माइकवर म्हणाले.

“माझ्या वडिलांचं नाव राहिलं,” ती म्हणाली. आवाज वॉर्डातला होता, शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा.

“मॅडम, तुम्हाला निरोप दिला होता. चौकशी चालू आहे. उत्तर यायचंय. आपण बसून घ्या.”

“उत्तर येईपर्यंत मी उभी राहते.”

“इथं? मॅडम, कार्यक्रम संपला.”

“माझी ड्यूटी बारा तासांची असते, सर. मला उभं राहायची सवय आहे.”

मी उठले. खरं सांगते, विचारबिचार काही केला नाही, पायच उठले. माझ्या शेजारी हेही उठले, गुडघ्यावर हात टेकत. आम्ही तिघं उभे आणि सगळा हॉल आमच्याकडे बघतोय. वाढपी ट्रे घेऊन दारात थिजलेले. त्या क्षणी मला कुणी ओढून बसवायला आलं असतं ना, तर मी त्याचा हात चावले असते.

अध्यक्षांनी साहेबांकडे वळून काहीतरी विचारलं. साहेब त्यांच्या कानाशी बोलले. साहेबांचं बोट पदकाकडे गेलेलं मी पाहिलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मग ते स्टेजच्या पायऱ्या उतरले, माइक हातातच, आणि रांगेतून वाट काढत आमच्यापाशी आले. सिस्टरसमोर थांबले. त्यांनी पदकाकडे बघितलं. आता हेही म्हणणार, फार चकचकीत आहे. पण नाही. त्यांनी मान लववली आणि दोन्ही हातांनी माइक तिच्यापुढे धरला.

“तुम्हीच सांगा नाव,” ते इंग्रजीत म्हणाले.

सिस्टरनं माइक घेतला. मी मनात म्हणत होते, बोल बाई, आता बोल, एकदाचं घे बापाचं नाव.

तिनं ते घेतलं नाही.

“पदक कमांडरला मिळतं,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांना ते कधी एकट्याचं वाटलं नाही. आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की ते आम्हा भावंडांकडून त्यांच्या कंपनीतल्या मुलांची नावं म्हणून घ्यायचे. जी त्या डोंगरावरून खाली आली नाहीत, त्यांची. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या आधी ही नावं येतात. मी ती घेणार आहे.”

आणि तिनं सुरू केलं. हुद्दा, नाव, गाव. हुद्दा, नाव, गाव. शाळेत पाढे म्हणतात तशा एका संथ लयीत, डोळे मिटून, किंचित डोलत. मला एकही नाव ओळखीचं नव्हतं, एकही गाव ठाऊक नव्हतं. पण कुठं अडखळली नाही, कुठं थांबली नाही. लहान पोरीच्या तोंडी बसवलेलं ते सगळं, म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर येत होतं. खुर्च्यांचे आवाज झाले. इंग्रज बाई उठली. तुर्की इंजिनियर उठला. मग एकेक रांग उठत गेली. स्टेजवर आमच्या साहेबांनी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला, टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला नेला. तो हात नावं संपेपर्यंत खाली आला नाही.

सगळ्यात शेवटी तिनं वडिलांचं नाव घेतलं, आणि मगच ती खाली बसली.